लाभ, दोन, तीन

सकाळचे साडेसहा. परभणीच्या मालधक्क्यावर मी शंभर पानी वही आणि दोन पेनं घेऊन उभा आहे. काम एकच: पोती मोजायची. मावसभावाचं पाथरीकडे कृषी सेवा केंद्र आहे. मोजणीला येणारा त्याचा माणूस कालपासून तापाने फणफणलाय, म्हणून मला जुंपलंय. "दादा, तू एवढाली पानं लिहितोस, तुला साडेतीनशे पोती मोजायला काय जड जानारंय?" असं तो फोनवर म्हणाला आणि मी हसून हो म्हटलं. एक ट्रक, युरियाची साडेतीनशे पोती. त्यात कसलं आलंय कौशल्य!

मृग लागून चार दिवस झालेत. पाऊस नाही, पण आभाळ भरून आलंय आणि वारा पडलाय. धक्क्यावरचा प्रत्येक माणूस दर पाच मिनिटांनी वर बघतोय. गाडी रात्री लागली. बेचाळीस डब्यांपैकी एकवीस धक्क्याला, एकवीस पलीकडच्या रुळावर पाळीची वाट बघत. ठरलेल्या तासांत डबे रिकामे झाले नाहीत तर डबा आणि तास यांच्या हिशेबाने डेमरेज चढतं. रेल्वेला डबे हवेत, शेतकऱ्याला पेरणीआधी खत हवंय, आणि पावसाला कुणाचीच पडलेली नाही. हवेत युरियाचा वास आहे, गोठ्यासारखा, पण गोठ्याची ऊब नसलेला.

"तुमची गाडी सातव्या डब्याला," मुकादम सांगतात. साठीचे असतील. डोक्याला गमछा, कानावर खडू. सगळे त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. "ट्रक यायला येळ हाय. तवर च्या घ्या, नाहीतर गाडी बगा फिरून."

मी गाडी बघत फिरतो.

मालगाडीच्या डब्यावर वाचायला पुष्कळ असतं, हे मला आजवर माहीत नव्हतं. फाटकात अडकलो की गाडी कधी संपते एवढंच आपण बघतो. रिकामं वजन, शेवटची दुरुस्ती कधी झाली, पुढची कधी, सगळं पांढऱ्या रंगात ठोकळ्यासारखं उमटवलेलं. आणि अकरा आकडी नंबर. माझ्यासमोरच्या डब्यावर आहे ३१०१०७२४६१७. हा नुसता अनुक्रमांक नाही. पहिले दोन आकडे डब्याची जात सांगतात. तिशीच्या घरातले म्हणजे झाकलेला डबा. पुढचे दोन मालकीण रेल्वे कोणती ते सांगतात, ०१ म्हणजे मध्य रेल्वे. मग बनवल्याचं साल, ०७. मग चार आकडी क्रमांक. आणि शेवटी एकटाच उभा असलेला ७.

तो ७ आधीच्या दहा आकड्यांवर नेमलेला पहारेकरी आहे. सम स्थानांवरच्या आकड्यांची बेरीज करायची, १४. तिची तिप्पट, ४२. त्यात विषम स्थानांवरच्यांची बेरीज मिळवायची, ११. झाले ५३. पुढच्या पूर्ण दशकाला, म्हणजे ६० ला जायला किती कमी? ७. एक जरी आकडा चुकून लिहिला गेला तरी हे गणित जुळत नाही आणि चूक जागच्या जागी पकडली जाते. मी वहीच्या मागच्या पानावर ते करून बघतो आणि बरोबर आल्यावर शाळकरी पोरासारखा खूश होतो.

नंबराच्या खाली, डब्याच्या लांबीभर गेलेल्या लोखंडी तुळईवर, एक लहानशी पट्टी घट्ट बसवलेली आहे. धुळीने रंग कळत नाही. बघणाऱ्याला वाटावं एखादं ठिगळ मारलंय. वायर नाही, दिवा नाही, बटण नाही. पलीकडच्या अंगालाही अशीच एक असते. हा आरएफआयडी टॅग. रेडिओ लहरींवरून ओळख पटवणारी चिठ्ठी. इथल्या पोरांच्या भाषेत "चिप".

वर्तमानपत्रं मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात. वॅगनची वाघीण कुणी केली कोण जाणे, धक्क्यावर तो शब्द कुणाच्या तोंडी नाही. पण टॅग समजून घ्यायला मात्र तो फार उपयोगी आहे. अंधारात बॅटरीचा झोत टाकला की वाघिणीचे डोळे चमकतात. तिच्याकडे दिवा नसतो. आपलाच उजेड ती आपल्याला परत करते. टॅगमध्येही बॅटरी नसते. रुळाच्या कडेला बसवलेलं वाचनयंत्र, म्हणजे रीडर, लहरींचा झोत टाकतो. त्या झोतातूनच चिमूटभर वीज घेऊन पट्टीतली चिप जागी होते आणि लहर परत पाठवताना ती कमीजास्त करत राहते. वाघिणीने डोळे एका ठरलेल्या लयीत मिटावेत-उघडावेत आणि त्या लयीतून आपलं नाव सांगावं, तसं. झोत पुढे सरकला की पुन्हा लोखंड. अशा पट्टीला सेल बदलावे लागत नाहीत.

रेल्वेच्या संगणकाचा कारभार १९८६ पासून 'क्रिस' ही संस्था बघते. हे टॅगचं कामही तिचंच. डब्याला टॅग, स्टेशनांवर आणि मोक्याच्या जागी रुळालगत रीडर, साधारण दोन मीटरवरून वाचन, आणि वाचलेला नंबर थेट मध्यवर्ती संगणकात, अशी ही रचना. २०२१ साली सुमारे तेवीस हजार वाघिणींना टॅग लागल्याचं रेल्वेने सांगितलं होतं आणि डिसेंबर २०२२ पर्यंत सगळ्या वाघिणींना ते लावायचं ठरवलं होतं. वाघिणी तर लाखांत आहेत.

साधा बारकोड का नाही चिकटवला, हा प्रश्न माझ्या मनात यायच्या आधीच उत्तर माझ्या बोटांना लागलंय. पट्टीवरून बोट फिरवलं तर धूळ, वंगण आणि खताची भुकटी यांचा एक थर हातात येतो. अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी हा धडा भारी किमतीला शिकून ठेवलाय. १९६७ पासून तिकडे डब्यांवर रंगीत पट्ट्यांची खूण लावायची सक्ती झाली. 'कारट्रॅक' तिचं नाव. प्रकाशाने वाचायची ती पद्धत, म्हणजे बारकोडची थोरली बहीणच. पण पट्ट्या मळल्या, त्या पुसायला कोण जाणार, वाचन चुकायला लागलं आणि दहा वर्षांत सगळं गुंडाळावं लागलं. पुढे नव्वदच्या दशकात त्यांनी रेडिओचे टॅग आणले. लहरीला मळाचं वावडं नसतं. वावडं असतं ते पाण्याचं आणि लोखंडाचं: पाणी लहर पितं, लोखंड ती परतवून लावतं. लोखंडावर बसवायचा टॅग म्हणून जाड वेष्टणात, धातूपासून थोडं अंतर राखून बसवतात.

टपरीवर चहा घेताना एक म्हातारे गृहस्थ भेटतात. पूर्णेचे. निवृत्त रेल्वेवाले, परभणीला सुनेच्या माहेरी आलेत आणि सवयीने पाय धक्क्याकडे वळलेत. मी टॅगचं कौतुक सांगतो. ते बशीतला चहा संपवून म्हणतात, "म्हणजे माझंच काम की हो ते."

"तुमचं?"

"नंबर टेकर होतो मी."

हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकतोय. यार्डात मालगाडी आली की इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत चालत जायचं आणि एकेका डब्याचा नंबर वहीत उतरवायचा. कोणता डबा, भरलेला की रिकामा, सील शाबूत आहे का, लेबलावर कुठलं स्टेशन. रात्री हातबत्ती घेऊन. पावसात वही शर्टाच्या आत धरून. पूर्णा तेव्हा मीटरगेजचं मोठं जंक्शन. एक लाइन मनमाडकडे, एक सिकंदराबादकडे, एक हिंगोलीवरून अकोल्याकडे. दिवसाकाठी किती चालणं व्हायचं याचा हिशेब त्यांनी ठेवला नाही. "गुडघ्यानं ठेवलाय," ते म्हणतात.

"चुकायचं का कधी?"

"एकदा पावसात तीनचा आठ केला. डबा गेला कुठल्या कुठं, अन् मी दीड महिना कागदं धुंडाळत बसलो. डबा हरवत नसतो बघा. एवढं मोठं लोखंड कुठं हरवंल? नंबर हरवतो."

मी त्यांना माझं वहीमागचं गणित दाखवतो. तीनचा आठ झाला असता तर बेरीज पाचाने किंवा पंधराने हलली असती आणि शेवटच्या आकड्याने बोंब ठोकली असती. ते चष्मा पुसून दोनदा पडताळतात. मग वही परत देतात आणि काहीच बोलत नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणतात, "आमच्या टायमाला मनमाडला माल बदलायचे. मोठ्या गाडीतून लहान गाडीत. रुळाची रुंदीच वेगळी, मग काय करणार? प्रत्येक पोतं उतरवायचं, मोजायचं, चढवायचं, पुन्हा मोजायचं. डबा माझ्याकडं, पोतं हमालाकडं. माझ्याकडचं गेलं. हमालाकडचं तसंच हाय."

नव्वदच्या दशकात ही मुख्य लाइन रुंद झाली आणि मनमाडची ती चढ-उतार संपली. मी धक्क्याकडे बघतो. हमालाकडचं खरोखरच तसंच आहे.

ट्रक आलाय. दहाचाकी, पुढच्या काचेला लिंबू-मिरची आणि तिच्या शेजारी फास्टॅग. डब्यावरची पट्टी आणि काचेवरचं हे स्टिकर ही चुलत भावंडं म्हणावीत. दोघांतही बॅटरी नाही, दोघंही ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर बोलतात. काचेवरच्याची सक्ती फेब्रुवारी २०२१ पासून आहे, त्यामुळे ते सगळ्यांच्या परिचयाचं झालंय. ड्रायव्हर चाचा खाली उतरत म्हणतात, "इसकू चिपकाए तबसे टोल पे रुकना नै पडता. पैसे कटे सो मेसेज मालिक कू जाता. मैं किधर है, उनो घर बैठे समझते." मग मागची फळी पाडतात आणि पोराला ताडपत्री काढायला लावतात.

सातव्या डब्याचं सील तुटतं. दार कर्कश आवाज करत सरकतं. दाराच्या आतल्या अंगाला कुठल्या तरी दूरच्या धक्क्यावरच्या खडूच्या खुणा आहेत. शेजारी दोन अक्षरं, बहुधा तेलुगू. अक्षरं मला वाचता येत नाहीत, खुणा येतात: चार उभ्या काड्या, पाचवी तिरकी.

आत पांढरी पोती छतापर्यंत. ४५ किलोचं एक. डब्यात साठ टन माल धरला तर तेराशे तेहतीस पोती होतात. अख्ख्या गाडीत छप्पन्न हजारांच्या घरात. या गाडीतल्या प्रत्येक डब्याला नाव आहे, त्यातल्या एकाही पोत्याला नाही.

मुकादम मामा दारात उभे राहतात, कानावरचा खडू काढतात, डब्याच्या पायरीला हात लावून कपाळाला लावतात. आत दोघं पोतं उचलून देणारे, बाहेर दहा जण पाठ देणारे. डब्यापासून ट्रकपर्यंत फळी टाकलेली. पहिलं पोतं पाठीवर पडतं आणि मामा म्हणतात, "लाभ."

मग "दोन". मग "तीन".

एक म्हणायचं नाही. खळ्यावर धान्य मापताना आजोबा असंच म्हणायचे, हे मला एकदम आठवतं. पहिली पायली लाभाची. टपरीवरून सोबत आलेले पूर्णेचे गृहस्थ मागून सांगतात की त्यांच्या वेळी मुसलमान हमालांच्या टोळीत पहिल्या पोत्याला "बरकत" म्हणत. कोणत्याही रीडरमध्ये हे बसवता येणार नाही, असं मी वहीच्या कडेला लिहितो. आणि ते लिहिता लिहिता चार आणि पाच निघून जातात. मी घाईने दोन काड्या ओढतो.

पहिली शंभर पोती बरी जातात. लय सापडते. पाठ, फळी, धप्प. पाठ, फळी, धप्प. हमाल पोतं टाकून रिकामा परततो तेव्हा त्याचा पाय हलका पडतो, आणि आवाजावरूनही मोजता येईल असं वाटायला लागतं. मामा मात्र तोंडाने मोजतायत, मध्येच एखाद्याला शिवी हासडतायत, तंबाखू मळतायत, शेजारच्या डब्यावरच्या टोळीला काही तरी ओरडून सांगतायत, आणि मोजणी तुटत नाही. दर पन्नासाला दारावर खडूची एक काडी. ट्रकच्या फाळक्यावर ड्रायव्हरचा पोरगा बसलाय. तोही मोजतोय, पण ओठ न हलवता, बोटांच्या पेरांवर.

एकशे बासष्टला माझा फोन वाजतो. मावसभाऊ. "दादा, किती झाली?"

मी आकडा सांगतो आणि वर बघतो तेव्हा फळीवर तीन पाठी आहेत. त्यांतली कोणती मोजलेली, कोणती नाही? मामा पुढे गेलेत. त्यांना विचारायची लाज वाटते. मी अंदाजाने काड्या ओढतो. आयुष्यात इतकी अप्रामाणिक रेघ मी ओढलेली नाही.

साडेदहाला ट्रक भरतो. दारावर खडूच्या सात काड्या. "साडेतीनशे," मामा म्हणतात.

माझ्या वहीत ३४७.

गलका होत नाही, याचंच मला आश्चर्य वाटतं. सगळे शांतपणे माझ्या वहीकडे बघतात. डॉक्टर रिपोर्टाकडे बघतो तसं. ड्रायव्हरचा पोरगा फाळक्यावरून उतरत म्हणतो, "साडेतीनशेच." मामा मला हाताला धरून ट्रकच्या बाजूला नेतात आणि थर दाखवतात. सात थर, थराला अठ्ठेचाळीस, वरती सुटी चौदा. "करा गुणाकार."

तीनशे छत्तीस आणि चौदा.

"पण मामा, आतली दिसत नाहीत. कडेचीच दिसतात."

"आतली पन तितकीच असत्यात. पोकळ थर रचला तर गाडी पेडगावच्या आधीच कलंल." मग हसून, "तुमची तीन पोती त्या फोनमधी पडली, सर."

मी खाली बसतो. हमालांना पाणी आलंय. आता बोलायला वेळ आहे, म्हणून मी टॅगचं पुराण लावतो. वाघीण, झोत, डोळे, सगळं. टोळीतल्या एका तरुण पोराला ते पटकन कळतं. "म्हंजे टोलनाक्यावानी." हो, तसंच. मग तो विचारतो ते सगळेच विचारणार असतात: "मग पोत्याला का लावत न्हाईत?"

उत्तर माझ्याजवळ आहे असं मला वाटतं. पुण्यातल्या डेकॅथलॉनमध्ये मी टी-शर्ट घ्यायला गेलो होतो. कपडे एका चौकोनी खोक्यात टाकले आणि पडद्यावर बिल आलं. एकेक काढून दाखवावं लागलं नाही, कारण प्रत्येक कपड्याच्या लेबलात कागदासारखा पातळ टॅग होता. सगळे टॅग एकदम बोलायला लागले तर गोंधळ होईल, म्हणून रीडर त्यांच्यात पाळ्या लावतो. वर्गात सगळी पोरं एकदम "हजर" ओरडली तर मास्तर जसा एकेकाला उभं करतो तसं, फक्त सेकंदाला शेकड्यांनी. तीनशे रुपयांच्या शर्टाला जे परवडतं ते २६६ रुपये ५० पैशांच्या पोत्याला का परवडू नये? टॅग काही रुपयांत मिळतो. आणि अनुदान धरलं तर त्या पोत्याची खरी किंमत शर्टाच्या कितीतरी वर जाते.

बोलता बोलताच माझ्या लक्षात येतं की शर्टाचा प्रश्न वेगळा आहे. दुकानदाराला हवं असतं 'कोणता': निळा, मोठ्या मापाचा, तिसऱ्या फळीवरचा. वाघिणीचाही प्रश्न 'कोणती' हाच. सेलू-मानवतच्या जिनिंगमध्ये १७० किलोची रुईची गाठ बांधतात. कापूस महामंडळाच्या गाठीवर आता क्यूआर कोड लागतो, कारण गिरणीला ती कुठल्या कापसाची ते हवंय. युरियाच्या पोत्याला कोणी 'कोणतं' विचारत नाही. हे आणि ते सारखंच. इथे प्रश्न 'किती' एवढाच आहे. नावगाव नसलेल्या वस्तूला नाव देऊन मग ती नावं मोजायची, हा द्राविडी प्राणायाम झाला. शिवाय लोखंडी डबा, लोखंडी ट्रक, ओल्या पाठी, पावसाची झड. मधल्या थरातल्या एखाद्या पोत्याने "हजर" म्हटलेलं ऐकूच आलं नाही तर? तीन पोती रीडरच्याही वहीत पडू शकतात.

हे मी जमेल तसं सांगतो. मुकादम मामा ऐकून घेतात. तंबाखूची पिंक टाकून येतात. मग विचारतात, "ती मशीन कोनाची असंल?"

"म्हणजे?"

"म्हंजे मोजनारी. आमाला वाराई पोत्यामागं मिळती. म्या मोजतो ते माज्या पोरांच्या मजुरीचं. हा पोरगा मोजतो ते भाड्याचं. तुमी मोजता ते बिलाचं. तिघांची पोटं येगळी म्हनून तिघांचा आकडा एक येतो. आला न्हाई तर भांडून आनतो. उद्या मशीन म्हनली तीनशे चाळीस, तर म्या कुनाशी भांडू?"

महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला तो याच माणसांसाठी. कामाचं मोल नोंदलं जावं आणि ते हातात पडावं म्हणून. त्या नोंदीच्या तळाशी कुणीतरी दारात उभं राहून म्हटलेलं "लाभ, दोन, तीन" असतं, हा विचार मी आजवर केला नव्हता. रीडर बरोबर मोजेल की चूक, यावरच मी इतका वेळ बोलत होतो. मामांनी तो प्रश्नच बाजूला सारला. बरोबर मोजणारं यंत्रसुद्धा एका बाजूचं असू शकतं, याला माझ्या वहीत उत्तर नाही.

तरुण पोराला मात्र हे पूर्ण पटलेलं नाही. "मामा, मोजमाप मशीनवर गेलं तर फाटक्या पोत्याची भानगड तरी मिटंल," तो म्हणतो. भानगड खरी आहे. हूक लागून पोतं फाटतं, दोन-तीन किलो सांडतात, आकड्यात ते पूर्णच धरलं जातं आणि दुकानात गिऱ्हाईक ते घेत नाही. पण टॅगही ते पूर्णच म्हणेल. चिठ्ठीला वजन कळत नाही. मामा म्हणतात, "अमेरिकेत मिटली असंल." पोरगा लगेच, "जगात जर्मनी..." आणि बाकीचे सगळे एकसुरात उरलेलं पूर्ण करतात. परभणीत हे वाक्य कुणालाच अर्धं सोडवत नाही.

अकराला थेंब येतात. मोठे, कोमट, धुळीत खड्डा पाडणारे. एका मिनिटात धक्क्याचं रूप पालटतं. ताडपत्र्या ओढल्या जातात, दारं अर्धी लोटली जातात, पलीकडच्या टोळ्या ओरडत डब्यांत शिरतात. आमच्या ट्रकवर चौघं जण चढून ताडपत्री ताणून बांधतायत. पूर्णेचे गृहस्थ डब्याखालच्या पट्टीकडे बघत उभे आहेत. पाण्याने तिच्यावरची धूळ उतरतेय आणि खालचं प्लॅस्टिक हळूहळू दिसायला लागलंय. "हिला छत्री लागत न्हाई," ते स्वतःशीच म्हणतात.

मी बिल्टीवर सही करतो. ३५०. हा माझा आकडा नाही, तिघांचा आहे. इथून निघालेलं पोतं मावसभावाच्या दुकानात पोचलं की पुन्हा संगणकात शिरेल. २०१८ पासून देशभर खताची विक्री पॉस मशीनवर होते. शेतकरी अंगठा लावतो, आधार जुळतं, पावती निघते आणि मगच कंपनीला अनुदान मिळतं. निघताना वाघिणीचं नाव, पोचल्यावर शेतकऱ्याचा अंगठा. मधल्या रस्त्यात खडूच्या सात काड्या.

पाऊस सरीवर आलाय. सातव्या डब्यातून दुसरा ट्रक भरायला घेतलाय आणि दाराजवळची जागा मोकळी झालीय. दोन बायका खराटे घेऊन आत चढतात. साडीचे पदर नाकातोंडावर बांधलेले. फाटक्या पोत्यांतून सांडलेलं खत त्या झाडून एकत्र करतात. पांढरे दाणे, त्यात थोडी माती, थोडा गंज. एका रिकाम्या गोणीत भरून सुतळीने तोंड शिवतात. फाटक्या पोत्यांची भरपाई म्हणून ही गोणी माझ्याच ट्रकवर, केबिनमागे टाकायची असं ठरतं. वजन कोणी करत नाही. तीस किलो असेल, पस्तीस असेल.

मी सवयीने वही उघडतो. "मामा, ही तीनशे एक्कावन्नावी लिहू?"

"ती मोजायची नसती," मुकादम म्हणतात आणि कानावरचा खडू काढून पुढच्या ट्रककडे वळतात. आतून पोतं पाठीवर पडल्याचा आवाज येतो.

"लाभ."